बिजलीचा गुडघा

भिलाईला जाऊन आले म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "पोलादाचा कारखाना बघितलास का?" बघितला, लांबून. त्याची धुराडी गावात कुठेही उभं राहिलं तरी दिसतात, त्यामुळे बघितला नाही असं म्हणायची सोयच नाही. पण मी गेले होते ती एका बकरीचा गुडघा बघायला. हे सांगितलं की समोरचा माणूस एक तर हसतो, नाही तर विषय बदलतो. म्हणून आता सगळं लिहूनच काढते.

मी मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, घरात दिवसभर मागांचा खडखडाट आणि सुताचा वास. पुढे वस्त्रोद्योगाचं शिक्षण घेतलं आणि फिरत फिरत पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत येऊन पडले. तिथे मी रेशमाच्या वेण्या घालते. साड्यांसाठी नव्हे, गुडघ्यांसाठी. गुडघ्याच्या आत वरच्या आणि खालच्या हाडाला धरून ठेवणारा एक तिरपा बंध असतो, त्याला लिगामेंट म्हणतात. खेळाडूंचा तो नेहमी तुटतो. एकदा तुटला की आपणहून जुळत नाही, मग डॉक्टर मांडीतल्या स्नायूची दोरी काढून तिथे बसवतात. आमचं म्हणणं असं की एका ठिकाणचं उसवून दुसरीकडे ठिगळ कशाला लावायचं? रेशमाची बारीक वेणी घ्यावी, तिच्यावर त्याच प्राण्याच्या शरीरातल्या पेशी वाढवाव्यात आणि ती गुडघ्यात बसवावी. वर्ष-दीड वर्षात रेशीम हळूहळू विरून जातं आणि तोवर पेशींनी स्वतःचा बंध विणून ठेवलेला असतो. ठेवला तर! त्या 'तर'साठी मी हा प्रवास केला.

बिजली ही आमची पहिली पेशंट. भिलाईच्या रिसाली भागातल्या रामटेके कुटुंबाची बकरी, उड्या मारण्यात पटाईत म्हणून हे नाव. एकदा गेटच्या जाळीत तिचा मागचा डावा पाय अडकला. ती पुढे उडी मारून मोकळी झाली, पण लिगामेंट तुटलं. तिथल्याच हुडको वसाहतीत जनावरांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर साहू आमच्या प्रयोगात सामील होते. त्यांनी रामटेक्यांना सगळं समजावून परवानगी घेतली, बिजलीच्या पेशी बर्फाच्या डब्यातून पुण्याला पाठवल्या, मी त्या वेणीवर वाढवल्या आणि वेणी परत गेली. ऑपरेशन सुरेख झालं. आम्ही प्रयोगशाळेत पेढे वाटले.

आणि मग काही महिन्यांनी साहूंचा फोन आला. बिजली तो पाय टेकतच नव्हती. "मॅडम, एक बार आकर देख लीजिए," ते म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या घरी वाईट बातमी सांगताना असतो तसा होता. बिजली पाय टेकणार नसेल तर माझी वेणी फुकट, आणि वेणी फुकट तर माणसांच्या गुडघ्यापर्यंत जायचा रस्ता तिथेच बंद. माझी झोप उडाली.

रिसाली

भिलाईशेजारच्या दुर्ग स्टेशनवर रामटेके काका स्कूटर घेऊन आले होते. कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेला उंच, सडपातळ माणूस. डाव्या पायाने जरा लंगडत चालत होते. "जयभीम मॅडम," म्हणाले आणि माझी बॅग मी 'नको' म्हणायच्या आत त्यांच्या पायांपाशी गेली. मी जयभीम केला. एप्रिलचं ऊन असं होतं की स्कूटरच्या सीटवर बसताना चटका बसला. काका मात्र रस्ताभर मजेत माहिती देत होते. इकडे क्वार्टर, तिकडे बाजार, हे आमच्या भंडाऱ्याकडच्या लोकांचं बुद्धविहार, ही साऊथवाल्यांची डोशाची गाडी. "इथं पुरा हिंदुस्थान हाय मॅडम. फर्स्ट शिफ्टले इडली खा, सेकंड शिफ्टले लिट्टी," असं म्हणून ते स्वतःच हसले.

"बिजली कशी आहे?" मी विचारलं.

"मस्त हाय! मी तिले रोज फिरवून आणतो."

मला धीर आला. रोज फिरते म्हणजे अगदीच वाईट नसणार.

घरी पोचलो. प्लास्टर केलेलं दोन खोल्यांचं घर, समोर अंगण, अंगणात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली एक खाट. खाटेवर गादी, गादीवर धुतलेली चादर आणि चादरीवर, पुढचे दोन्ही पाय पोटाशी घेऊन, बिजली बसली होती. पांढरी, कानांवर तपकिरी ठिपके. शेजारी टेबलफॅन चालू होता. मी आयुष्यात खूप बकऱ्या पाहिल्या आहेत, पण पंख्याखाली बसलेली पहिलीच.

"ह्याच का बापा त्या पुन्याच्या मॅडम!" शालूमावशी, काकांच्या पत्नी, पदराला हात पुसत बाहेर आल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या आणि बोलायला लागल्या की हातही बोलणाऱ्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. "किती वाळली व माय पोरगी. बस, बस. उठू नोको."

मी त्या घरात होते तोवर हे 'उठू नोको' इतक्या वेळा ऐकलं की अजून कानात वाजतं. पाणी हवं म्हणून उठले, पाणी हातात आलं. ताट ठेवायला उठले, ताट हातातून गेलं. आमच्याकडे इचलकरंजीत पाहुण्याला पहिल्या दिवशी पाट मिळतो आणि दुसऱ्या दिवशी कांदा चिरायला सुरी. इथे तसली भानगड नाही. जेवणात पाटवडीचा रस्सा होता, असा तिखट की डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून 'आणखी' एकाच वेळी निघालं. भाकरी संपायच्या आत दुसरी येत होती. मी गुपचूप परकराची नाडी सैल केली.

जेवताना मावशींनी विचारलं, "आमच्या बिजलीच्या गुडघ्यात कोसा टाकला म्हनते. खरं काय?"

"कोसा नाही मावशी, ते रानातलं रेशीम. हे तुतीचं."

"मंग त्यात किडा मरते ना?"

"मरतो," मी म्हणाले. खोटं कशाला सांगायचं?

मावशींनी 'अरेरे' केलं. काका रश्श्यात भाकरी कुस्करत म्हणाले, "रविवारी मटन खाते अन् आज किड्याची दया करून राहिली."

"मटन थे मटन हाय," मावशी म्हणाल्या. "तो किडा बिचारा आपल्या घरात झोपला होता ना."  मग मावशींनीच तोडगा काढला. त्या किड्याने आपलं घर बिजलीला राहायला दिलं असं समजायचं. आणि बिजलीच्या पेशी पुण्यात वाढल्या हे कळल्यापासून गल्लीत त्या सांगत होत्या, "आमची बिजली पुन्याले राहून आली."

हुडको

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. मी स्कूटरवर मागे बसायला गेले तर काका म्हणाले, "जरा थांबा मॅडम." आत गेले आणि बिजलीला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. तिला स्कूटरच्या पुढच्या जागेत, पोत्याच्या घडीवर, व्यवस्थित बसवलं. बिजलीने सरावाने मान हँडलवर टेकवली. मला हसू आवरेना. रस्त्यात ओळखीचे लोक हात करत होते, कोणी मला, बरेचसे बिजलीला.

डॉक्टर साहू तरुण, गंभीर आणि स्वतःच्या कामावर जीव असलेला माणूस. त्यांनी बिजलीला टेबलावर आडवी करून गुडघा पुढेमागे ओढून दाखवला. मीही हात लावून पाहिला. हाड जागचं हलत नव्हतं. सूज नाही, गरमपणा नाही. माझी वेणी आत शाबूत होती! मग त्यांनी फरशीवर वाळूचा पातळ थर पसरला आणि बिजलीला त्यावरून चालवलं. तीन खुरांचे ठसे चांगले उमटले. चौथ्या खुराची नुसती टोकं, कोणी बोट टेकवून उचलावं तशी.

"जोड़ टाइट है, दर्द भी नहीं दिखता," साहू म्हणाले. "फिर भी वजन नहीं लेती. मैंने इनको बोला था, पहले आराम, फिर धीरे-धीरे चलाना. रोज बाहर ले जाते हैं ना काका?"

"रोज! एक दिन नाही चुकवला," काका छातीवर हात ठेवून म्हणाले.

मी वाळूतल्या त्या अर्ध्या ठशाकडे बघत राहिले. फार वाईट वाटलं. एवढी वर्षं मी या वेणीसाठी घालवली, घरच्यांच्या लग्नकार्यांना गेले नाही, आणि एका बकरीला ती विश्वासाची वाटत नव्हती. साहूंनी चहा मागवला.  बिजलीने तेवढ्यात त्यांच्या खिशातल्या पेनचं टोपण चावून टाकलं.

परतताना काकांनी माझा चेहरा पाहिला असावा. बाजारात स्कूटर थांबवून त्यांनी मला चीला खायला घातला. तांदळाच्या पिठाचं ते मऊ धिरडं आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. दुःखात भूक मरते म्हणतात, माझी मरत नाही. मी आणखी मागून घेतला.

मांडी घालून बसले तेव्हा

त्या दुपारी मावशींनी बोरे-बासी केली होती. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि दुपारी मीठ, कच्चा कांदा, हिरवी मिरची लावून खायचा. ही छत्तीसगडी लोकांची रीत, पण भंडाऱ्याहून आलेल्यांनीही इथल्या उन्हापुढे ती आपली केली. पोटात थंडगार वाटतं. मी जमिनीवर मांडी घालून मनसोक्त जेवले आणि हात धुवायला उठायला गेले, तर उठताच येईना! एक अख्खा दिवस रेल्वेत आणि दोन दिवस मावशींच्या राज्यात बसून माझे गुडघे आखडले होते. भिंत धरून, 'आई गं' करत उभी राहिले.

"म्हनून म्हनतो उठू नोको," मावशी म्हणाल्या.

मी भिंतीला धरूनच अंगणात पाहिलं. मावशी बाभळीचा पाला घेऊन खाटेवर बसल्या होत्या. एकेक डहाळी मोडून, काटे काढून, बिजलीच्या तोंडापाशी नेत होत्या. बिजली मानसुद्धा पुढे करत नव्हती. पाण्याची बादली आली तीही तोंडापाशी. मग तिला खाली उतरायचं होतं, तर काकांनी उचलून उतरवलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! ही बकरी ऑपरेशन झाल्यापासून स्वतःच्या पायांनी कुठे गेलीच नव्हती. 'रोज फिरवतो' म्हणजे स्कूटरवरून.

पुण्यात मी ती वेणी नुसती ठेवून दिली नव्हती. एका छोट्या यंत्रात तिला आठवडेच्या आठवडे रोज ओढत, पिळत, सोडत होते. कारण पेशींना ताण मिळाला तरच त्या एका दिशेने ओळीत बसतात आणि दोर वळतात. ताण नसला की पिंजलेल्या कापसासारख्या कशाही पडून राहतात. हे तर मला माझ्या वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं, मागावर उभ्या धाग्यांचा ताणा ढिला पडला की कापड बिघडतं. पुण्यात एवढा व्यायाम करून पाठवलेली पोर इथे येऊन पेन्शनीत निघाली होती. आणि रेशीम तर विरत चाललं होतं. आत्ताच पायावर वजन आलं नाही तर रेशीम संपेल तेव्हा त्याच्या जागी काहीच उभं नसेल.

मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. वेणीत दोष नव्हता! पण पुढच्याच क्षणी लक्षात आलं की आता हे मावशींना सांगायचं आहे.

चहाच्या वेळी सांगितलं, जमेल तितकं गोड करून. पाला वर टांगायचा, पाणी लांब ठेवायचं, खाट बंद, स्कूटर बंद. मावशींचे बोलके हात मांडीवर पडले.

"म्हनजे माह्यानं बिघडलं," त्या म्हणाल्या.

"तसं नाही मावशी…"

"तसंच हाय. कावून लपवता?" त्यांनी काकांच्या पायाकडे पाहिलं. "यायचा पाय प्लांटमध्ये दबला होता. मी यायले खाटेवरून खाली पाय ठेवू नाही देलं. सारं हातात देलं. अन् पाय तसाच राहिला. मी आपलं म्हनत होती, नशीब."

 मला कुठे तोंड लपवावं कळेना. बकरीचा गुडघा बघायला आले आणि दुसऱ्याच जखमेवर बोट ठेवलं.

काकांनी कप खाली ठेवला. "अव, ऐकून घे," ते म्हणाले. "डॉक्टरनं मले तेव्हाच सांगतलं होतं, चाल म्हनून. रोज सांगे. मीच तुले नाही सांगतलं."

"कावून?"

"आता काय सांगू!" काकांनी कडुनिंबाकडे बघत कान खाजवला. "नवीन लगन झालं होतं. तू घास भरवत होती. थे सोडून कोन येडा चालाले जाते?"

 मावशींचा चेहरा लाल झाला, रागाने की लाजेने मला कळलं नाही, दोन्ही असावं. हातातली चहाची गाळणी त्यांनी काकांच्या दिशेने उगारली. "इतके वर्स! इतके वर्स मी स्वतःले दोष देऊन राहिली, अन् हे बुढा…"  त्या हसायलाच लागल्या, मग काका, मग मी. बिजलीही ओरडली. तिला पाला हवा होता.

"आता तू नोको बोलू," मावशी तिला म्हणाल्या, डोळे पुसत. "तुमी दोघंही एकाच जातीचे नाटकी हाय."

त्यांनी स्वतः उठून बाभळीची जुडी कडुनिंबाच्या फांदीला बांधली, मान उंच केल्याशिवाय मिळणार नाही अशी.

संप

पुढचा दिवस कठीण गेला. बिजलीने संप पुकारला. पाल्याखाली बसून ती मावशींकडे बघत अशी काही ओरडे की शेजारच्या छत्तीसगडी बाई भिंतीवरून डोकावून विचारून गेल्या, "का होगे दीदी?" मावशी घरात जात, परत येत, हात पदरात बांधून ठेवत. एकदा मी त्यांना पाठीमागे डहाळी लपवून जाताना पकडलं. "बस एक," त्या म्हणाल्या. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी डहाळी माझ्या हातात दिली आणि रागाने आत जाऊन भांडी घासली, आधीच घासलेली.

संध्याकाळी बिजली उठली. तीन पायांवर टेकत पाल्यापर्यंत गेली, खालची पानं ओरबाडली आणि परत बसली. चौथा पाय जरासा टेकला होता का? काका म्हणाले टेकला. मावशी म्हणाल्या टेकला. मला खात्री वाटेना. साहूंना फोन केला तर ते म्हणाले, "देखते हैं." माझं परतीचं तिकीट एका दिवसावर आलं होतं आणि सोबत नेण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

जयंतीची सकाळ

मी निघणार त्या दिवशी आंबेडकर जयंती होती. गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या पोरांनी आदल्या दिवसापासून खपून बांबूचं स्वागतद्वार उभारलं होतं. दोन्ही खांबांना खालपासून वरपर्यंत आंब्याची आणि अशोकाची हिरवीगार पानं, वर निळे झेंडे, पंचशीलाच्या पताका. सकाळी सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांत. मावशींनी पांढरी साडी नेसली आणि मलाही त्यांची एक नेसायला लावली, ती मला पोटरीपर्यंतच आली. लहान मुलं निळे टिळे लावून पळत होती. खिरीचं पातेलं उकळत होतं. वंदना सुरू झाली तेव्हा सगळे हात जोडून उभे राहिले, आणि इतक्या गोंगाटी गल्लीत एकदम जी शांतता पसरली ती मला फार आवडली. मीही डोळे मिटले. खरं सांगायचं तर मी त्या गुडघ्यासाठीच काहीतरी मागत होते.

वंदना संपता संपता मंडळातला एक जण ओरडला, "अरे बकरी! गेट खा रही है! भगाओ उसको!"

मी वळले. अंगणाचं गेट घाईत उघडं राहिलं होतं. आणि बिजली स्वागतद्वारापाशी होती. पुढचे दोन्ही पाय खांबावर, मान ताणलेली, तोंडात आंब्याचं पान. मागच्या दोन पायांवर, हो, दोन्ही पायांवर, सरळ उभी! सगळं वजन मागे. डावा गुडघा ताठ, ना थरथर, ना लटपट.

पोरगा काठी घेऊन धावला. "कोनी हात नोको लावू तिले!" मावशी अशा गरजल्या की तो जागीच थांबला. मग गल्लीभर कळलं. बिजली कोण, पुण्याला काय वाढलं, गुडघ्यात काय बसवलं, हे मावशींनी आधीच सगळ्यांना पाठ करून ठेवलं होतं. कोणीतरी टाळी वाजवली. ढोलवाल्याला वाटलं मिरवणूक निघाली, त्याने ढोल सुरू केला. ज्याने ते द्वार सजवलं होतं त्यानेच वरची एक डहाळी उपसली आणि आणखी उंच धरली, "ले बिजली, और ऊपर!" आणि बिजली आणखी ताणली, टाचा उचलल्यासारखी. मी मोबाइलवर चित्रण करत होते, पण मी स्वतःच उड्या मारत होते, त्यामुळे नंतर पाहिलं तर अर्धा वेळ निळे झेंडे आणि आभाळच दिसतं. साहूंनी तेवढं पाहूनही फोनवर नुसतं "अरे वाह, अरे वाह" केलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसत नव्हते. आत, त्या पांढऱ्या केसाळ गुडघ्यात, माझी वेणी आणि बिजलीच्या स्वतःच्या पेशी मिळून तो ताण पेलत होत्या. एका सकाळीने सगळं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. अजून महिनोन्‌महिने बघायचं आहे, आणखी जनावरं, मग कधीतरी माणसं. पण प्रयोगशाळेतल्या यंत्राला कोणी ढोल वाजवत नाही.

दुपारी मला गाडीआधी जेवायला बसवलं. काका नेहमीप्रमाणे खाटेवर टेकले, आता रिकाम्या झालेल्या, आणि ताटाची वाट बघू लागले. मावशींनी त्यांचं ताट वाढलं. खीर, पुरी, वांग्याची भाजी, वर लिंबाची फोड. सगळं नीट मांडून त्यांनी ते अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला, बिजलीच्या पाल्याच्या फांदीखाली, स्टुलावर ठेवलं आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

"इकडं आन ना," काका म्हणाले.

"या घ्याले."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिरीकडे पाहिलं. मग ते उठले आणि लंगडत, पुटपुटत निघाले. बिजली ताटाच्या दिशेने त्यांच्या आधी निघाली होती, चारही पायांवर. ते पाहून काकांनी पाऊल जरा झपाट्याने उचललं.